मजुरांच्या मोटाबेन

साबरमतीच्या पात्रात आता वाळू दिसत नाही. दोन्ही काठ बांधून काढले आहेत आणि पात्रात नर्मदेच्या कालव्याचे पाणी बाराही महिने उभे असते. संध्याकाळी लोक तिथे फिरायला येतात. सारे कसे नीटनेटके झाले आहे. पण बडोद्याहून अहमदाबादला जाणाऱ्या माझ्या पिढीच्या माणसाला साबरमती म्हटले की वाळूच आठवते. मणिनगर सुटले की गाडीच्या खिडकीतून गिरण्यांची धुराडी मोजायची आणि पुढे एलिस पूल ओलांडताना खालची कोरडी वाळू पाहायची, हा आम्हा भावंडांचा प्रवासातला ठरलेला कार्यक्रम होता. धुराडी मोजता मोजता आकडा चुके आणि त्यावरून भांडण होई. पुढे ती धुराडी थंडावली, मग एकेक करून पडली आणि आमच्या भांडणाचे कारणच नाहीसे झाले.

त्या वाळूची आणि त्या धुराड्यांची एक हकीगत मला आज सांगावीशी वाटते. १९१८च्या मार्च महिन्यातली गोष्ट. अहमदाबादचे हजारो गिरणीमजूर कामाविना बसले होते. घरातले धान्य संपत आले होते. त्याच वेळी साबरमतीच्या आश्रमात विणकामशाळेचे बांधकाम चालू होते आणि पायात भरायला वाळू हवी होती. मजुरांपैकी काहींना हे काम द्यावे, असे मगनलाल गांधींनी सुचवले. मजूर कबूल झाले. नदीच्या पात्रात टोपल्या भरल्या गेल्या आणि वाळूची टोपली डोक्यावर घेऊन जी बाई सर्वांच्या पुढे निघाली, ती मजूर नव्हती. शहरातल्या एका बड्या गिरणीमालकाची ती सख्खी बहीण होती. तिच्यामागून टोपल्यांची न संपणारी रांग पात्रातून वर चढू लागली.

या बाई म्हणजे अनसूयाबेन साराभाई. बडोद्याच्या वाचकाला साराभाई हे नाव नवे नाही. साराभाई केमिकल्समुळे ते आपल्या गावातही घरोघर पोचले होते. अवकाशसंशोधनाचा पाया घालणारे विक्रम साराभाई हे अनसूयाबेनचे भाचे. त्या त्यांच्या आत्या. पण मजुरांच्या चाळींतून त्यांना कोणी साराभाई म्हणत नसे. तिथे त्यांचे नाव होते मोटाबेन. आपण मराठीत ताई किंवा आक्का म्हणू, तसेच हे, थोरली बहीण.

तरुणपणी या हकीगतीवर माझा विश्वास बसत नसे, हे मी आधीच कबूल करतो. घडले असेल, पण खरे नसेल, असा माझा तेव्हाचा अविश्वास होता. गिरणीमालकाच्या घरातल्या बाईने गिरणीमजुरांचा संप चालवावा, दिवसभर उन्हात भाषणे करावी आणि रात्री बंगल्यात परत जावे, यात श्रीमंतांच्या हौसेचा वास येतो असे मला वाटे. टोपली एक दिवस डोक्यावर घेता येते. जिला उद्या चूल पेटेल की नाही याची काळजी नाही, तिच्या डोक्यावर ती हलकीच असणार. ही शंका माझी एकट्याची नव्हती. खुद्द त्या संपातल्या मजुरांनीच ती बोलून दाखवली होती, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाले. तेव्हापासून या बाईंचे आयुष्य मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

अनसूयाबेनचा जन्म ११ नोव्हेंबर १८८५चा, अहमदाबादच्या एका श्रीमंत जैन कुटुंबातला. त्या नऊ वर्षांच्या असताना आईवडील दोघेही गेले. धाकटा भाऊ अंबालाल आणि त्याहून लहान बहीण, अशा तिन्ही मुलांना काका चिमणभाईंनी वाढवले. तेराव्या वर्षी अनसूयाबेनचे लग्न लावून देण्यात आले. आपल्या बडोदे संस्थानात सयाजीरावमहाराजांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला तो १९०४ साली. अहमदाबाद तर इंग्रजी मुलखात होते आणि तिथे असा विचारही कोणाच्या मनात नव्हता. ते लग्न टिकले नाही. अनसूयाबेन माहेरी परत आल्या. शाळा अर्धवट सुटलेली, संसार मोडलेला, वय कोवळे. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई, ते सांगायला नको. देवघर, उपास आणि भाचरांचे लाड एवढ्यात तिचा जन्म संपायचा.

तो तसा संपला नाही, याचे श्रेय त्यांच्या भावाला द्यायला हवे. अंबालाल त्यांच्याहून चारपाच वर्षांनी लहान. काकांच्या मागे ऐन तारुण्यात कॅलिको मिलचा कारभार त्यांच्या अंगावर पडला आणि तो त्यांनी असा सांभाळला की थोड्याच वर्षांत अहमदाबादच्या गिरणीमालकांत त्यांचा शब्द पुढचा मानला जाऊ लागला. बहिणीला शिकायचे आहे हे त्यांनी ओळखले आणि १९१२ साली तिला विलायतेला पाठवले. डॉक्टर व्हावे म्हणून अनसूयाबेन गेल्या होत्या. पण वैद्यकीच्या शिक्षणात प्राण्यांची चिरफाड करावी लागते हे कळल्यावर त्यांच्या जैन मनाने ते नाकारले. मग त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या. फेबियन समाजवाद्यांचे विचार त्यांच्या कानी पडले. मताच्या हक्कासाठी झगडणाऱ्या इंग्रज स्त्रिया त्यांनी पाहिल्या आणि त्यांच्या चळवळीत भागही घेतला. घरात जिला कोणी काही विचारले नव्हते, तिला तिथे प्रथमच कळले असेल की अन्याय सोसणे हा दैवाचा भाग नसतो, त्याविरुद्ध चारचौघींनी मिळून उभे राहता येते.

१९१३ साली त्या परत आल्या आणि पुढल्या वर्षी त्यांनी कॅलिको मिलच्या आसपास राहणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली. हे काम एखाद्या सुखवस्तू घरातल्या बाईला शोभेल असेच होते आणि कदाचित ते तेवढ्यावरच राहिले असते. पण एका सकाळी त्यांच्या दारापुढून काही मजूर चालत गेले. त्यांत बायकाही होत्या. पाय ओढत, डोळे उघडे असून काही दिसत नसल्यासारखे ते चालले होते. अनसूयाबेननी विचारपूस केली तेव्हा कळले की ते सलग ३६ तास काम करून घरी परतत होते. दोन रात्री आणि मधला एक दिवस. १९११च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाच्या कामाला १२ तासांची मर्यादा घातली होती, बायकांना त्याहूनही कमी तास आणि रात्रपाळीला बंदी होती. पण कायदा कलकत्त्याच्या दप्तरात होता आणि गिरणी अहमदाबादेत. बाईंनी त्या सकाळी पाहिलेले दृश्य जन्मभर सांगितले. आपण ज्या घरात वाढलो, ज्या पैशावर विलायतेला गेलो, तो पैसा कुठून येतो, हे त्यांना त्या दिवशी दिसले असणार.

अहमदाबाद हे त्या काळी एकाच धंद्यावर उभे असलेले शहर होते. इंग्रजांच्या बंदरावर वा सरकारी कचेऱ्यांवर ते जगत नव्हते. सारा व्यवहार सुताभोवती आणि कापडाभोवती फिरत होता. गिरण्यांचे मालक बहुतेक स्थानिक जैन आणि वैष्णव सावकार. मजूर शहरातले आणि भोवतालच्या खेड्यांतले. त्यांत आपल्या बडोदे संस्थानच्या कडी प्रांतातून पोटासाठी गेलेलेही पुष्कळ होते. मागावर विणणारे बहुतांशी मुसलमान आणि पाटीदार, तर सूतकताईच्या खात्यात ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते असे वणकर. एकाच छपराखाली काम करत असले तरी त्यांचे पाणी वेगळे आणि वस्त्या वेगळ्या. अशा लोकांना एकत्र आणणे ही सोपी गोष्ट नव्हती.

१९१७च्या पावसाळ्यात अहमदाबादेत प्लेग शिरला. माणसे शहर सोडून पळू लागली. युद्धामुळे कापडाला मागणी जोरात होती आणि माग बंद पडले तर मालकांचे मोठे नुकसान होणार होते. म्हणून विणकरांना थोपवून धरण्यासाठी त्यांनी प्लेग-बोनस सुरू केला. काही ठिकाणी तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत गेला. मरण दारात असताना कामावर येण्याची ती किंमत होती. पण विणण्याआधी उभे धागे लावून देणारे जे ताणाखात्याचे कामगार, त्यांना हा बोनस मिळाला नाही. ते अनसूयाबेनकडे आले. शाळा चालवणाऱ्या बाईंनी आपले पुढारीपण करावे, अशी त्यांची मागणी होती. डिसेंबर १९१७मध्ये त्यांनी संप केला आणि अनसूयाबेन त्यांच्या पुढे उभ्या राहिल्या.

समोर कोण होते? मालकांच्या बाजूने अंबालाल होते. ज्याने मोडलेल्या संसारातून बहिणीला बाहेर काढले, विलायत दाखवली, तिच्या शाळेला हरकत घेतली नाही, तोच भाऊ. गांधीजी तेव्हा चंपारण्यात होते. त्यांनी मोतिहारीहून अंबालालना पत्र लिहिले आणि मजुरांना थोडे अधिक देण्याविषयी सुचवले. दुसऱ्या कशासाठी नाही तर अनसूयाबेनसारख्या बहिणीला भावामुळे क्लेश होऊ नयेत म्हणून तरी. अंबालालशी गांधीजींचा स्नेह होता. १९१५ साली आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबाला घेतल्यावर शहराने हात आखडता घेतला, तेव्हा एक शेठ मोटारीतून येऊन १३,००० रुपये देऊन गेले होते. गांधीजींनी त्यांचे नाव लिहिले नाही. पण ते अंबालालच होते असे सर्वजण मानतात. म्हणजे या झगड्यात वाईट असा कोणीच नव्हता आणि म्हणूनच तो अवघड होता.

प्लेग ओसरला आणि जानेवारी १९१८मध्ये मालकांनी जाहीर केले की १५ फेब्रुवारीपासून बोनस बंद. प्लेग गेला होता, पण महागाई गेली नव्हती. युद्धाने धान्य, कापड, रॉकेल सगळ्यांचेच भाव चढवले होते. हातात येणारी रक्कम एकदम निम्म्यावर येणार, या धास्तीने विणकरांनी बोनसच्या जागी पगारात ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांच्या पुढे जाईनात. अनसूयाबेनच्या सांगण्यावरून गांधीजींनी लक्ष घातले. लवाद नेमला गेला. मजुरांच्या वतीने गांधीजी, शंकरलाल बँकर आणि वल्लभभाई पटेल. मालकांच्या वतीने अंबालाल आणि आणखी दोन शेठ. सरपंच म्हणून कलेक्टर चॅटफील्ड. पण लवादाचे काम सुरू होण्याआधीच काही गिरण्यांतल्या मजुरांनी उतावळेपणाने काम थांबवले. चूक मजुरांची होती आणि गांधीजींनी ती मान्य केली; मालकांनी मात्र तेवढे निमित्त धरून लवाद मोडला आणि २२ फेब्रुवारीला गिरण्यांना टाळे ठोकले.

आता आकडा ठरवायचा होता. गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईचे पगार, अहमदाबादचे भाव आणि मालकांची ऐपत यांचा हिशेब केला आणि ३५ टक्के वाढ न्याय्य ठरवली. मजुरांना ५०चे ३५ करायला लावणे हेही सोपे नव्हते. २६ फेब्रुवारीला साबरमतीच्या काठी एका बाभळीखाली मजुरांनी शपथ घेतली की ३५ टक्के मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही. अटी कडक होत्या. हाणामारी करायची नाही. जो कामावर जाईल त्याला त्रास द्यायचा नाही. कोणाकडे भीक मागायची नाही. संप कितीही लांबला तरी दुसरे काही कष्ट करून पोट भरायचे, पण डगमगायचे नाही.

यातली तिसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. संपाच्या काळात पैसा घ्यायचा नाही, म्हणजे श्रीमंत बहिणीचाही घ्यायचा नाही. अनसूयाबेनजवळ द्यायला जे सर्वात सोपे होते, तेच देण्याची त्यांना मुभा नव्हती. उरले होते ते अंग आणि वेळ. ते त्यांनी दिले. सकाळ-संध्याकाळ त्या चाळींतून फिरत. कोण आजारी, कोणाच्या घरी काय शिजले, कोणाला कुठे काम मिळेल, याची चौकशी करत. रोज एक पत्रक निघे. ते गांधीजी लिहीत, पण प्रसिद्ध होई अनसूयाबेनच्या सहीने. रिकामा वेळ जुगारात वा झोपेत घालवू नये, घरे झाडावीत, दुरुस्त करावीत, वाचावे, एखादा जोडधंदा शिकावा, असली साधी शिकवण त्यात असे आणि मालकांच्या पत्रकांना उत्तरेही असत. महादेवभाई देसाईंनी एक धर्मयुद्ध या छोट्या पुस्तकात या दिवसांची हकीगत लिहून ठेवली आहे. रोज संध्याकाळी बाभळीखाली सभा भरे आणि पत्रक वाचले जाई. आपली शपथ सोडू नका, एवढाच अर्थ असलेले एक टेक हे दोन शब्द फलकावर मिरवले जात.

तुम्ही म्हणाल, आणि घरी? या दिवसांत बहीणभावांमध्ये काय बोलणे होत असेल? आपल्याकडे भाऊबीजेला ताटात ओवाळणी पडते त्या दोन माणसांत पगाराच्या १५ टक्क्यांवरून लढाई उभी राहिली, याची कल्पना करून पाहावी. पण या झगड्यात दोघांनी एकमेकांना कधी परके मानले नाही. गांधीजी अंबालालना आश्रमात जेवायला बोलवत आणि अनसूयाबेन त्यांना वाढत, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते. ताटातले वाढून झाले की दोघेही आपापल्या बाजूला परत जात. मला यात मोठेपणा दिसतो तो मऊपणाचा नव्हे. भावावर राग धरून त्याच्याशी लढणे सोपे असते. त्याचे उपकार आठवत असताना लढणे अवघड.

१२ मार्चला मालकांनी डाव बदलला. २० टक्के वाढ ज्याला कबूल असेल त्याने कामावर यावे, म्हणून त्यांनी टाळे काढले. टाळेबंदी संपली, आता हा मजुरांचा संप झाला. तीन आठवडे उलटत आले होते. सभेतली गर्दी रोडावली. चेहऱ्यांवरचे तेज गेले. याच दिवसांत आश्रमाचे छगनलाल गांधी एका चाळीत सकाळच्या सभेला चला असे सांगायला गेले, तेव्हा त्यांना जे ऐकून घ्यावे लागले ते असे, की अनसूयाबेनना आणि गांधीजींना काय जाते? ते मोटारीतून येतात, मोटारीतून जातात, पोटभर जेवतात. मरणाच्या यातना भोगतो आहोत ते आम्ही. सभेला जाऊन उपासमार थांबत नाही.

माझी तरुणपणाची शंका ती हीच. फरक एवढाच की मी ती आरामखुर्चीत बसून काढली होती आणि तो मजूर उपाशीपोटी बोलत होता. त्याचे बोलणे अगदी खरे होते. मोटार होती, पोटभर अन्नही होते. या टोमण्याला भाषणाने उत्तर देता येण्यासारखे नव्हते.

१५ मार्चच्या सकाळी बाभळीखाली गांधीजींनी जाहीर केले की मजुरांचा निकाल लागेपर्यंत आपण अन्न घेणार नाही आणि मोटारीतही बसणार नाही. सभेत रडारड झाली. आम्हीच उपास करतो, तुम्ही नको, असे मजूर विनवू लागले. पहिल्या दिवशी अनसूयाबेननी आणि काही मजुरांनीही अन्न वर्ज्य केले; गांधीजींनी मोठ्या मिनतवारीने त्यांना पुढे चालू ठेवू दिले नाही. सभा पुन्हा भरू लागल्या. मजूर पुन्हा ताठ झाले. पण या उपासाला एक दोष होता आणि तो गांधीजींनी स्वतः लपवला नाही. मालकांतले पुष्कळ त्यांचे स्नेही होते. त्यांच्या प्राणांची भीती मालकांवर दडपण आणणार, न्यायाचा विचार मागे पडणार, हे त्यांना कळत होते आणि त्याची बोच त्यांना लागली होती.

तीन दिवस अनसूयाबेनच्या घरीच तडजोडीची बोलणी झाली. अखेर गुजराती पंडित आनंदशंकर ध्रुव यांना लवाद म्हणून दोन्ही बाजूंनी मान्य केले. १८ मार्चला जी तोड निघाली ती मोठी मजेदार होती. पहिल्या दिवशी मजुरांना ३५ टक्के वाढ द्यायची, म्हणजे त्यांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस टक्के. दोन्ही बाजूंची अब्रू राखणारी ही तोड गिरण्यांच्या हिशेबात बसायला सोपी नव्हती आणि मजुरांतही कुरकुर झाली. ऐन जिंकण्याच्या वेळी एकाच दिवसाच्या ३५ टक्क्यांवर समाधान का मानायचे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो गैर नव्हता. त्याच बाभळीखाली निकाल जाहीर झाला, कमिशनरसाहेबही हजर होते आणि मालकांच्या वतीने मिठाई वाटायचे ठरले. पण भिकाऱ्यांची अशी झुंबड उडाली की वाटप थांबवावे लागले आणि दुसऱ्या दिवशी अंबालालशेठच्या मिर्झापूरच्या बंगल्याच्या आवारात ती मिठाई रांगेत वाटली गेली. ऑगस्ट १९१८मध्ये ध्रुवांनी निकाल दिला तो मजुरांच्या बाजूने, ३५ टक्क्यांचा.

इथे गोष्ट संपवली असती तर माझी शंका तशीच राहिली असती. संप जिंकला, उपास सुटला, मिठाई वाटली आणि बाई बंगल्यात गेल्या, असेच मी म्हटले असते. पण अनसूयाबेनचे खरे काम पुढे सुरू झाले आणि त्याला बाभळीची सावली वा सभेचा टाळ्यांचा गजर नव्हता. २५ फेब्रुवारी १९२० रोजी त्यांच्याच मिर्झापूरच्या घरी मजुरांचा संघ स्थापन झाला. त्याचेच नाव पुढे मजूर महाजन. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना जसे महाजन असते, तसे मजुरांचे, म्हणून हे नाव. सूतखात्यातले, म्हणजे ज्यांना सर्वांनी दूर ठेवले होते ते मजूर, या संघात आरंभापासून होते. त्याच वर्षी कामाचे तास १२चे १० झाले आणि तंटा उभा राहिला तर आधी पंचाकडे जायचे, असे कायमचे लवादमंडळ झाले. गांधीजी मजुरांच्या वतीने, तर मंगलदास गिरधरदास शेठ मालकांच्या वतीने.

या मार्गावर टीकाही झाली आणि ती ऐकून घेतली पाहिजे. मजूर आपल्या पायांवर उभा राहण्याऐवजी थोरल्या बहिणीच्या आणि महात्म्याच्या आधाराने चालायला शिकला, मालकांना हा संघ सोयीचा वाटला, असे डाव्या विचारांचे लोक म्हणत. १९२३ साली मालकांनी पगार कापले तेव्हा मजुरांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप करूनही कपात पुरती मागे घेतली गेली नाही. विणकरांनी पुढे आपली वेगळी चूलही मांडली. मोटाबेन या नावात प्रेम आहे तशी एक अडचणही आहे. बहीण थोरली असेल तर बाकीचे धाकटेच राहतात.

तरीपण अनसूयाबेनच्या पदरी जे पडते ते मोठे आहे. संघाच्या कचेरीत तक्रारींची नोंद होई. कोणाचा दंड नाहक कापला, कोणाला मुकादमाने लाच मागितली, कोणत्या खात्यात पाण्याचे मडके नाही, अशी एकेक तक्रार घेऊन माणूस गिरणीत जाई आणि उत्तर आणी. शाळा, दवाखाने, मजुरांच्या मुलींच्या शिक्षणाची सोय, हे सारे त्याभोवती वाढले. १९२२ साली गुलझारीलाल नंदा तिथे चिटणीस म्हणून आले. पुढे देशाचे कामगारमंत्री झालेल्या माणसाने आपले काम तिथे शिकून घेतले. १९५५ साली इला भट्ट नावाची तरुण वकील त्याच संघात दाखल झाली आणि १९७२ साली त्याच्याच छायेखाली तिने स्वतःच्या कष्टाने पोट भरणाऱ्या बायकांची सेवा ही संघटना उभी केली. ज्यांना मालकच नाही, ज्यांना कोणी मजूर म्हणून मोजतही नाही, अशा भाजीवाल्या, गाठोडी वाहणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा तो संघ. त्या वेळी अनसूयाबेन ८६ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या गेल्या. अंबालाल त्यांच्या आधी पाच वर्षे, १९६७ साली गेले होते.

१९८०नंतर अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हजारो मजूर रिकामे झाले. त्यांच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बाजारात बसू लागल्या. कॅलिकोचे कापड आता संग्रहालयात पाहावे लागते. ज्या पगाराच्या ३५ टक्क्यांसाठी ते दिवस काढले गेले, तो पगार देणारी गिरणीच उरली नाही. पण त्या टोपल्यावाल्या बायकांना आपली पेढी होती, आपला संघ होता आणि तो संघ चालवणाऱ्या बहुतेक जणी त्यांच्यातल्याच होत्या. मोटाबेनच्या कामातली जी उणीव, ती त्यांच्याच अंगणात वाढलेल्या पुढच्या पिढीने भरून काढली.

चाळीतल्या त्या मजुराच्या टोमण्याचे उत्तर मला आता कुठे सापडले आहे. टोपली एक दिवस डोक्यावर घेणे हे सोंग असू शकते, हे आजही मी नाकारत नाही. पण त्या मार्चमध्ये डोक्यावर घेतलेली टोपली अनसूयाबेननी ५४ वर्षे खाली ठेवली नाही. गेल्या खेपेला आश्रमात गेलो तेव्हा काठावर उभा राहून मी बराच वेळ पात्राकडे पाहत होतो. पाणी शांत होते. आश्रमातल्या एका म्हाताऱ्या सेवकाला मी सहज विचारले, इथली वाळू कुठे गेली? त्याने खाली बोट दाखवले. तिथेच आहे, पाण्याखाली.